एक जावा आणि दोन भाऊ

साताऱ्याचा आमचा वाडा पाडून त्या जागी इमारत उभी करायची, असे २०२४ सालच्या पाडव्याला ठरले आणि घर रिकामे करण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. मुदतीआधी नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य हा सर्वांच्या उपयोगी पडण्यासाठीच निवृत्त झालेला असतो, असा आमच्या कुटुंबात समज आहे. पुण्याचे बिऱ्हाड सौभाग्यवतीवर सोपवून मी साताऱ्यास येऊन राहिलो. पितळेची घंगाळी, मोडके पाळणे, तीन पिढ्यांची पंचांगे, कुणाच्या तरी मुंजीतले पाट, सारे चार दिवसांत मार्गी लागले. पाचव्या दिवशी भंगारवाल्याने गोठ्याचे दार ढकलले, गोणपाटाचा ढीग पायाने दूर सारला आणि तेथूनच मला विचारले, "ही फटफटी किलोवर धरायची का नगावर?"

आप्पा ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांचे वय ८४. जेवायला हाक मारली तर ती त्यांना तिसऱ्या खेपेस ऐकू जाते. हा प्रश्न मात्र दोन भिंती ओलांडून नेमका पोचला. "ती विकायची नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पान उलटले.

ही फटफटी म्हणजे १९६६ सालची जावा २५०. आप्पा तेव्हा वीज मंडळात ओव्हरसिअर होते. गावोगाव खांब उभे करीत हिंडायचे, म्हणून त्यांनी ती घेतली होती. पाच वर्षे वापरली आणि १९७१ साली जी गोठ्यात ठेवली ती ठेवलीच. गोठ्यातल्या गाई गेल्या, ही राहिली. ती तिथे का गेली, हे कुणी सांगत नसे. आईला विचारले तर ती आपला डावा हात पदराखाली घेई. तो हात कोपरात कधीच पुरता सरळ होत नसे. "पडलो होतो एकदा," एवढेच ती म्हणे आणि कामाला लागे. आईला जाऊन आता नऊ वर्षे झाली.

जावा हे नाव ऐकून आमच्या घरातल्या बायका अजून हसतात. पण त्या नावाचा आपल्याकडच्या जावांशी काही संबंध नाही. यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ साली जर्मनीतल्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकली बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून एक नाव तयार केले. त्याच्या देशात ते 'यावा' असे उच्चारतात. आपण ते इंग्रजी वळणाने वाचले आणि यावाची जावा झाली. पुढे इराणी कुटुंबाने म्हैसूरच्या यादवगिरीत 'आयडियल जावा'चा कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथे ह्या गाड्या बनू लागल्या. कारखान्याचे उद्घाटन जयचामराज वडियार ह्यांनी केले. त्यांच्या नावाच्या अक्षरांतूनही 'जावा' निघते, हे म्हैसूरकर गमतीने का होईना, पण अभिमानाने सांगतात. सत्तरच्या दशकात गाडीचे नाव येझ्दी झाले, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या गाड्यांचे आणि आमच्या गाडीचे नाते नावापुरतेच.

गाडी मोठी मजेची. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. त्यामुळे अजाण माणसाला ती दोन सिलिंडरांची वाटते. किक आणि गिअर ह्यांची दांडी एकच. ती आत दाबून वर फिरवली की किक होते, आणि सोडली की पुन्हा गिअर. चावी म्हणजे जवळजवळ एक खिळाच. कुणाचीही चावी कुणाच्याही जावाला लागते, असे म्हणत. आणि तरी लोक त्या चाव्या जपत. चेन संपूर्ण झाकलेली, तिच्या तेलाचा डाग म्हणून धोतराला लागायचा नाही. हे सारे मला पुष्कळ नंतर कळले. माझे स्वतःचे यंत्रज्ञान सायकलच्या पंक्चरपाशी संपते.

"आप्पा, विकायची नाही तर करायचं काय हिचं?"

"नीट करायची."

"आता?"

"आता. पण हीच नीट कर. चार गाड्यांचे तुकडे जमवून पाचवी करू नकोस."

मला वाटले, हौस आहे म्हाताऱ्याची. महिनाभरात उरकून टाकू.

साताऱ्यातल्या एका जुन्या मेकॅनिकने गाडी उघडली तेव्हा पहिल्यांदा बऱ्याच बातम्या बऱ्या आल्या. टाकी आतून गंजली होती, पण भोके पडली नव्हती. पिस्टन अडकून बसला होता. सिलिंडरमध्ये आठवडाभर तेल सोडून ठेवल्यावर तो सुटला. सायलेन्सर गेले होते, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, आणि किकच्या दांडीचा शाफ्ट दाते झिजून गुळगुळीत झाला होता. "हे मिळंल," तो म्हणाला. मग त्याने चाके पुन्हा बसवली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोरी लावून ती ताणून पुढे आणली. पुढचे चाक दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये यायला हवे. ते चांगले दोन बोटे डावीकडे होते. त्याने हँडलखालची जागा पोलिश पेपरने घासली. हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिला हे लोक 'मान' म्हणतात. त्या मानेला फ्रेमची चौकोनी नळी जिथे मिळते तिथे रंगाखाली एक लोखंडी पट्टी निघाली, वेल्डिंगने चिकटवलेली. पट्टीच्या कडेने केसाएवढी चीर.

"चासी गेली," तो म्हणाला. "दुसरी बघा."

दुसरी चासी बघायला मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. हा बाजार रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेजवळ रस्त्याच्या कडेला भरतो. घड्याळाचे काटे, लष्करी बूट, नळाच्या तोट्या, रेडिओचे सांगाडे ह्यांच्या गर्दीतून चौकशी करीत करीत एका दुकानापाशी पोचलो, तर माडीवर जावाची फ्रेम टांगलेली! सरळ, सणसणीत, एक डाग नाही. किंमत नऊ हजार. मी हरखलो.

"पण हिचा नंबर?"

"जुना घासू, तुमचा मारू. पंच आहे आपल्याकडे," दुकानदार म्हणाला. किराणा दुकानात पिशवी देऊ का विचारतात, त्या सुरात.

मी पाचशे रुपये बयाणा देऊन घरी आलो. प्रामाणिकपणाचा आव आणीत नाही. मोहाला मी पुरता बळी पडलो होतो. गाडीचा नंबर म्हणून जो कागदावर असतो तो अखेर ह्या मानेवर ठोकलेल्या आकड्यांना चिकटलेला असतो. ते आकडे खोडणे-ठोकणे हा सरळ सरळ गुन्हा. दुसरी गोष्ट अशी की, २०२१ सालच्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम काढले आहेत. मूळ स्वरूपात राखलेली, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि रोजच्या कामाला ती वापरायची नाही. म्हणजे नोंदणी हवी तर सांगाडा मूळचाच हवा. हे सारे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले. पण खरे सांगायचे तर कायद्याहून आप्पांचे ते 'पाचवी करू नकोस' जास्त बोचत होते. पाचशे रुपये गेले ते गेले.

"कोल्हापूरला न्या," शेवटी साताऱ्याच्या मेकॅनिकनेच सांगितले. "उद्यमनगरात झालं तर झालं. तिथं न्हाई झालं, तर मग काटा हायेच भंगारवाल्याचा."

कोल्हापूरला जाणारी मंडळी अंबाबाईचे दर्शन घेतात, रंकाळ्यावर हिंडतात, चपला घेतात आणि परततात. शिवाजी उद्यमनगरात कुणी जात नाही. मी 'छोटा हत्ती' नावाच्या टेंपोत फ्रेम घालून तिथे उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि अख्ख्या पेठेत एकच आवाज भरून राहिला होता, लोखंडावर लोखंड. गल्ल्या अरुंद. एका दारात ओतकामाची काळी वाळू, पुढच्या दारात लेथ, त्याच्या पायाशी किसाच्या निळसर कुरळ्या गुंडाळ्या. तिसऱ्या दारात एक पोरगा नुसती कानस घेऊन पितळेचा बुश घासतो आहे आणि मधून मधून तो डोळ्यासमोर धरून उजेड बघतो आहे. ह्या गावाला नकाशे वाचून काम करण्यापेक्षा वस्तू उघडून बघून काम करण्याची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला तो ह्याच गावात. जिथे मूकपटाचा कॅमेरा होऊ शकला तिथे एका मोटारसायकलची मान सरळ व्हायला काय हरकत आहे, असा धीर मी स्वतःला देत होतो.

ज्यांच्याकडे पाठवले होते ते मिस्त्री सत्तरीचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांचा मुलगा शेजारच्या शेडमध्ये संगणकावर चालणारे यंत्र चालवतो. हे मात्र आपल्या जुन्या बाकापाशी. त्यांनी माझे काही ऐकून घेतले नाही. फ्रेम उलटी ठेवायला लावली, चिंधी रॉकेलमध्ये बुडवून मानेचा सारा भाग ओला केला, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. "आता च्या घ्या," म्हणाले. चहा होईतो पांढऱ्या खडूवर एक ओली रेघ उमटून आली. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन आपण होऊन चीर दाखवत होते. मला जी केसाएवढी दिसली होती ती पट्टीखालून पार पलीकडे गेलेली होती, आणि तिचे टोक ठोकलेल्या नंबराच्या शेवटच्या आकड्यापासून अर्ध्या बोटावर होते.

मिस्त्री बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले.

"पावणं, हे कुनी केलंया?"

"माहीत नाही. असेल कुणीतरी मेकॅनिक."

"मेकॅनिक न्हवं. मेकॅनिक एवढं झाकत न्हाई. हे रंग मारून लपीवलंया. आन् हात वाईट न्हाई बरं का. शिकल्याला हात हाय. पर आतली चीर तशीच ठिवून वरनं पट्टी मारली. जखम न धुता मलम लावल्यावानी. घाईत केलंया, रातचं."

मी तिथल्या तिथे आप्पांना फोन लावला. एकीकडे घणाचे घाव, दुसरीकडे चौऱ्याऐंशीचे कान. "आप्पा, पट्टी! पट्टी कुणी मारली?" असे मी रस्त्यात उभा राहून ओरडत होतो आणि आजूबाजूचे कारागीर कौतुकाने बघत होते. पलीकडे शांतता. मग एकच शब्द आला, "धाकट्यानं." आणि फोन बंद.

रात्री स्टेशनरोडवरच्या लॉजमध्ये मी झोपायच्या तयारीत असताना त्यांचा फोन आला. "मी सांगतो, तू ऐक. मला तुझं ऐकू येत नाही, तेव्हा मधे बोलू नकोस."

धाकटा म्हणजे माझा काका. १९७० साली तो एकोणीस वर्षांचा होता आणि आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकत होता. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असते, बैलांचा मोठा बाजार भरतो. काकाने गाडी मागितली, आप्पांनी नाही म्हटले. आप्पा झोपल्यावर तो घेऊन गेला. परतताना अंधारात पुढे बैलगाडी, तिला कंदील नाही. हा मागून तिच्यावर आदळला. स्वतःला खरचटलेदेखील नाही, पण गाडीचे पुढचे चाक मागे सरकले आणि मान तडकली. मग एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये त्याने रातोरात चिमटा सरळ केला, पट्टी मारली, रंग दिला आणि उजाडायच्या आत गाडी जागच्या जागी आणून ठेवली. तीन महिन्यांनी आप्पा आणि आई पुण्याहून एका लग्नाहून परत येत होते. खंबाटकीचा उतार. मानेपाशी काटकन आवाज झाला, हँडल हातात असून नसल्यासारखे झाले. आप्पांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दरीच्या अंगाला गेली नाही हेच नशीब. आप्पांना काही झाले नाही. आईचा हात गेला.

"मी घरी येऊन त्याला काय बोललो ते तुला सांगत नाही," आप्पा म्हणाले. दोन महिन्यांत काका भिलईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला लागला. वेल्डर म्हणूनच. पुढे अडतीस वर्षे भावांनी एकमेकांना पत्र लिहिले नाही. आई आणि काकू लिहीत, दर दिवाळीला आणि मुलांच्या परीक्षांना. दोन जावांचे पटत नाही असे जगात ऐकू येते. आमच्या घरात एका जावावरून दोन भावांचे फाटले आणि दोन जावांनी घर शिवून ठेवले. २००९ साली काका वारला. आप्पा तिसऱ्या दिवशी भिलईला पोचले.

मला वाटले, झाले सांगून. पण फोन चालूच होता.

"हँडल डावीकडे ओढतंय, हे मला तीन महिने कळत होतं," आप्पा म्हणाले. "रोज कळत होतं. मी ओव्हरसिअर. खांब एवढासा कलला तर मजुरांवर ओरडायचो. म्हटलं, रविवारी बघू. तुझ्या आईला हे मी कधी बोललो नाही. त्यालाही नाही."

सकाळी मिस्त्रींना मी ह्यातले काही सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही. पट्टी काढावीच लागेल, एवढे ते म्हणाले, आणि चाक लावून त्यांनी कडेचे वेल्डिंग खाऊन काढले. पट्टी टणकन फरशीवर पडली. चिरेचे टोक गाठून तिथे त्यांनी एक बारीक भोक पाडले. चीर पुढे पळत असते; गोल भोक लागले की तिथे थांबते. मग फ्रेम एका जाड, सपाट प्लेटवर चार ठिकाणी आवळली आणि मानेच्या नळीतून एक लांब सरळ दांडा घातला, म्हणजे किती कलले आहे ते दांड्याच्या टोकाशी मापता येते. नंबराभोवती ओल्या चिंध्यांचा जाड बोळा बांधला, त्याला आच लागू नये म्हणून. आणि मग गॅसची ज्योत, एक छोटा जॅक, आणि गुण्या. लोखंड लाल झाले की जॅकचा अर्धा फेरा. थांबायचे. माप घ्यायचे. पुन्हा ज्योत. सरळ करून थांबायचे नाही, किंचित पलीकडे न्यायचे, कारण निवताना ते थोडे माघारी येते. किती माघारी येते, हे मी विचारले.

"ते त्येच्या मनावर," मिस्त्री म्हणाले.

मी सारखा वाकून बघत होतो. शेवटी ते वैतागले. "तुमी देवीला जाऊन या. हितं उभं ऱ्हाऊन लोखंड लवकर गार हुत न्हाई." पाणी मारून निववले तर लोखंड कडक होऊन पुन्हा तडकते, म्हणून त्यांनी ते आपल्या आपण निवू दिले. पूर्ण काम तीन आठवड्यांचे. वेल्डिंग थोडे ह्या अंगाला, थोडे त्या अंगाला असे करायचे, नाहीतर ते मान आपल्याकडे ओढून घेते. "तवर तुमी सामान जमवा," म्हणाले.

सामान जमवणे हा एक निराळाच शाळामास्तरी खटाटोप आहे. जावाचे भाग आणि येझ्दीचे भाग दिसायला सख्खे भाऊ, पण बसवायला गेले की दोन सुतांचा वाद. नवे म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे नुसते चकचकीत. मी एक सायलेन्सरची जोडी मागवली. क्रोमचा मुलामा पहिल्या पावसाळ्यात पोपड्यांसारखा निघाला, आणि तोही गाडीला न लावता. पिस्टनचे मूळ माप ६५ मिलिमीटर. सिलिंडर घासून मोठा करायचा तर त्या मापाचा पिस्टन आधी हातात पाहिजे, हे मी सिलिंडर घासून झाल्यावर शिकलो. आणि किकचा शाफ्ट कुठेच मिळेना. जो तो म्हणे, म्हैसूर.

जुलैतला दुसरा रविवार हा जावा-येझ्दीवाल्यांचा सण. त्या सुमारास म्हैसुरात सारे भेटतात, असे ऐकून मी मिरजेहून गाडीत बसलो. धारवाडला पेढे घेतले, रात्र हुबळीच्या पुढे झोपेत गेली. बंगळूरनंतर रामनगरच्या उघड्या बोडक्या खडकांचे डोंगर लागले. मग मंड्याचा ऊस. तो बघून क्षणभर वाटले की गाडी फिरून पुन्हा कोल्हापुरास चालली की काय. श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडली आणि म्हैसूर आले. शहर मोठे नेटके, झाडांचे. देवराज मार्केटात मोगऱ्याच्या माळा हाताने मोजून देतात. पण मी बघत होतो ते रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांकडे. दूधवाल्याची येझ्दी, एका वकिलाची जावा. कुणी त्यांना शोभेची वस्तू केलेले नाही, त्या अजून कामावर आहेत.

चौकशी करता करता एका निवृत्त गृहस्थांच्या घरी पोचलो. कारखान्यात ते तपासणीच्या कामावर होते. पुढच्या खोलीत देवांच्या तसबिरी, मागच्या खोलीत लाकडी कपाट, आणि कपाटात मेणकागदात गुंडाळलेले भाग, प्रत्येकावर कन्नडमध्ये चिठ्ठी. आम्ही मोडक्या हिंदीत बोललो; त्यांची माझ्याहून बरी होती. शाफ्ट दाखवायच्या आधी त्यांनी विचारले, "फ्रेम का क्या किया?" मी मोबाइलवर कोल्हापूरचे फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून करून पाहिले, चिरेच्या टोकाचे भोक पाहिले, नंबराभोवतीच्या ओल्या चिंध्या पाहिल्या, आणि मगच उठून कपाट उघडले. शाफ्टचे दाते बोटाने चाचपून त्यांनी तो माझ्या हातात दिला. किंमत सांगितली, ती कमी नव्हती. पैसे मोजून घेतले आणि वहीच्या कागदावर पावती लिहून दिली.

"यादवगिरीत कारखाना होता ती जागा बघायची होती," मी म्हणालो.

"मैं उस रास्ते से नहीं जाता, सर," ते म्हणाले. "आप पूछ के चले जाइए." मीही मग गेलो नाही. संध्याकाळी चामुंडीच्या डोंगरावर जाऊन तो भला मोठा नंदी पाहिला. शाफ्ट खिशातच होता.

कोल्हापुरास परतलो तेव्हा फ्रेम तयार होती. मिस्त्रींनी पुन्हा रॉकेल लावले, पुसले, खडू चोळला, आणि आम्ही दोघे चहा पीत बसलो. खडू कोरडाच राहिला. नंबराचा एकही आकडा दुखावला नव्हता. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी माझ्या पिशवीत टाकले. "भंगारात घालनार हुतो. पर तुमच्या वडलांचा आवाज मी त्या दिशी फोनात ऐकला."

ती पट्टी मी आप्पांना दिली. त्यांनी कागद सोडला, चष्मा बदलला, ती उलटी करून पाहिली. कडेने वेल्डिंगचे थर एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे सारखे पडलेले होते. एकोणीस वर्षांच्या पोराचे काम. "भिलईत चाळीस-चाळीस फुटांवर चढून वेल्डिंग करायचा म्हणे," ते म्हणाले आणि पट्टी त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली. जिथे आईचा चष्मा आहे तिथे.

गाडी जोडायला दसरा उजाडला. नोंदणीचा अर्ज दिला आहे. ती होईपर्यंत रस्त्यावर काढायची नाही, म्हणून एका नातेवाइकाच्या मंगल कार्यालयाचे पटांगण मागून घेतले. टेंपोतून गाडी उतरवली. मी अकरा किका मारल्या. मेकॅनिकने सात. आप्पा खुर्चीत बसून बघत होते. "कार्बोरेटरवरची ती घुंडी दाब," ते ओरडले, "पेट्रोल ओघळलं की सोड. आणि दांडी आत ढकलून मग फिरव, उपटू नकोस!" पुढच्याच किकेला गाडी सुरू झाली. तेलमिश्रित पेट्रोलचा निळा धूर साऱ्या पटांगणात पसरला. आप्पा खोकत खोकत हसले. मी त्यांना धुरात हसताना आजवर पाहिले नव्हते.

मेकॅनिकने दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत भिंतीच्या कडेने सरळ येताना त्याने दोन्ही हात हँडलवरून उचलले आणि खांद्याशी धरले. गाडी आमच्या समोरून, चुन्याच्या रेघेवरून गेल्यासारखी निघून गेली.

"हात सोडले होते त्यानं?" आप्पांनी मला विचारले. त्यांनी पाहिले होते, तरी विचारले.

"हो. दोन्ही."

"डावीकडे ओढली?"

"नाही. सरळ गेली."

आप्पांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि मागच्या सीटवर बसण्यासाठी माझा खांदा धरला. मग थांबले.

"आधी भिलईला फोन लाव," ते म्हणाले. "तुझ्या काकूला. आणि बोल तू. मला ऐकू यायचं नाही."